बारावी 'फ' अस्तित्वात असल्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक (जागा-वापर व वेळापत्रक),
विभागीय शिक्षण कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याच्या उजव्या हातास.

विषय : फेरतपासणीच्या वेळी घ्यावयाच्या एका लहानशा खबरदारीबाबत विनंती.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचा जागा-वापर तपासणी अहवाल, शेवटचे पान.
२) तुकडी 'फ' बंद करण्याबाबतचा आपला आदेश.
३) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, ज्यांस उत्तर आलेले नाही.

महोदय,

१. अर्जदार हा उच्च माध्यमिक विद्यालयात इतिहास शिकवतो आणि बारावी 'फ' या तुकडीचा वर्गशिक्षक आहे. प्रस्तुत अर्जात 'मी' हा शब्द येणार नाही. मागच्या अर्जात तो फार वेळा आला होता आणि त्यामुळे अर्ज भांडायला आल्यासारखा वाटतो, असे मुख्याध्यापकांचे मत पडले. "अर्जदार म्हणा हो सर, म्हणजे डोकं थंड राहतं," असा त्यांचा सल्ला आहे. तेव्हा अर्जदार. डोके थंड राहण्याची हमी मात्र देता येत नाही, कारण परीक्षा तोंडावर आली आहे आणि महिनाअखेर त्याहून जवळ.

२. आपल्या आदेशात असे म्हटले आहे की, तपासणीच्या काळात 'फ' तुकडी "कोणत्याही खोलीत प्रत्यक्ष आढळली नाही, सबब ती केवळ कागदावर असावी". म्हणून ती महिनाअखेर बंद व्हायची आहे आणि तिच्यातली मुले शहराच्या दुसऱ्या टोकाच्या विद्यालयात वर्ग व्हायची आहेत. आदेश वाचून अर्जदाराच्या तोंडचे पाणी पळाले. महोदय, तुकडी आहे. ती रोज येते, डबे खाते, खोकते, आणि गृहपाठ न केल्याची तीच तीच कारणे देते. कागदावरची मुले इतके खोटे बोलत नाहीत. मुख्याध्यापकांनी विनवणी केल्यावर आपण फेरतपासणी मान्य केली आणि पुढच्या आठवड्यात स्वतः येण्याचे कळवले, याबद्दल अर्जदार ऋणी आहे. ती शेवटची संधी आहे, हेही त्याच पत्रात आहे. ती हुकू नये म्हणून हा अर्ज.

३. तुकडी खोलीत का आढळत नाही हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. विद्यालयात जितक्या तुकड्या आहेत त्याहून एक खोली कमी आहे. पूर्वी तसे नव्हते. वरच्या मजल्यावरच्या टोकाच्या खोलीत छताचा गिलावा खाली आला, खोलीला कुलूप लागले, आणि त्या खोलीत बसणारी तुकडी उघड्यावर पडली. ती तुकडी म्हणजे 'फ'. वेळापत्रक लावणारे एक सर आहेत, त्यांना सगळे टाइमटेबलसाहेब म्हणतात आणि त्यांना ते मनापासून आवडते. त्यांनी टेबलभर तक्ता पसरला, त्यावर पट्टी ठेवली, रंगीत पेन्सिलींनी खुणा केल्या आणि तोडगा काढला. ज्या वर्गाचा तास मैदानावर, प्रयोगशाळेत किंवा वाचनालयात असेल, त्याची खोली तेवढा वेळ मोकळीच पडून असते. त्या मोकळ्या खोलीत 'फ'ने बसायचे. तास संपला की पुढची मोकळी खोली. अशा तुकडीला फिरती तुकडी म्हणतात. "एखाद-दुसरा आठवडा ढकला सर, छत झालं की तुमची खोली तुम्हाला," असे ते म्हणाले होते. तेव्हा अकरावीत असलेली 'फ' आता बारावीत आहे. छत आहे तसेच आहे.

तक्त्यावर पाहिले तर ही योजना दृष्ट लागावी अशी आहे. एकही खोली रिकामी नाही, एकही तुकडी बाहेर नाही. घोडे अडते ते तक्त्याच्या बाहेर. खेळाचे सर रजेवर गेले की मैदानावरचा वर्ग परत येतो. प्रयोगशाळेत नळाला पाणी नसले की तो वर्ग परत येतो. वाचनालयात मोजदाद निघाली की तिथला वर्ग परत येतो. परत आलेला वर्ग आपल्या खोलीचे दार वाजवतो, आणि खोली त्याची असल्याने 'फ'ला उठावे लागते. उठून ती दुसरी मोकळी खोली गाठते. तिथे जरा टेकावे तर तिथलेही दार वाजते. कुठल्या दिवशी किती वेळा उठावे लागेल याला काही धरबंद नाही. टाइमटेबलसाहेबांना विचारले तर ते तक्त्याकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "माझ्याकडे तर सगळं बसतंय."

४. सुरुवातीला या उठण्यात फार गोंधळ व्हायचा. आत येणारे आणि बाहेर जाणारे दारात अडकायचे, एकाचा डबा दुसऱ्याच्या दप्तरात जायचा आणि शिक्षकांची आपसांत जुंपायची. रसायनशास्त्राच्या बाईंनी एकदा भर व्हरांड्यात अर्जदाराला सुनावले, "सर, तुमची ही जत्रा आधी हलवा, मग आम्हाला बसू द्या." मुलांसमोर सुनावले. ते अर्जदाराच्या जिव्हारी लागले आणि त्याने तुकडीला शिस्त लावायची असे ठरवले.

विद्यालयातल्या प्रत्येक खोलीला दोन दारे आहेत. पुढचे दार व्हरांड्यात उघडते आणि मागचे गॅलरीत. अर्जदाराने घालून दिलेला नियम असा. पुढचे दार वाजले की बोलणाऱ्याने अर्धे वाक्य तिथेच सोडायचे. पेनांना टोपणे लावायची. मागच्या बाकाने फळा पुसायचा, मधल्यांनी बाक सरळ करायचे, खिडकीकडच्यांनी खाली पडलेले कपटे उचलायचे आणि सगळ्यांनी रांगेने मागच्या दारातून निघायचे. बोलायचे नाही. मागे वळून पाहायचे नाही, कारण मागे पाहिले की नजरानजर होते आणि नजरानजर झाली की भांडण लागते. सर्वांत शेवटी अर्जदार, हातात तुकडीचे डस्टर.

मुले या कामात इतकी तरबेज झाली की दार वाजवणाऱ्याने ते ढकलून आत पाऊल टाकेपर्यंत खोली मोकळी झालेली असते. फळ्यावर खडूची रेघ नाही, जमिनीवर कपटा नाही. त्याच रसायनशास्त्राच्या बाई पुढे शिक्षकखोलीत सर्वांदेखत म्हणाल्या, "यांची मुलं इथं बसून गेली हे कळतसुद्धा नाही हो." मुख्याध्यापकांनी पालकसभेत 'फ'चे उदाहरण दिले. अर्जदाराला त्या दिवशी आकाश ठेंगणे झाले होते. बसून गेल्याचे कळत नाही, या गोष्टीचा कोणाला अभिमान वाटू शकतो हे आता लिहितानाही विचित्र वाटते, पण वाटला होता खरा.

५. याचा अभ्यासावर काय परिणाम झाला, हे आपण विचाराल. लढाई तळमजल्यावर सुरू होते आणि तह ड्रॉइंगच्या खोलीत होतो. मधल्या जिन्यावर सैन्य कुठपर्यंत आले होते हे अर्जदार विसरतो, आणि मग मुलेच सांगतात, "सर, नदी ओलांडून झाली होती." तरीही सहामाहीत 'फ'चा निकाल इतर तुकड्यांहून उजवा लागला. कारण उघड आहे. ज्या मुलांना तास कधी मोडेल याचा नेम नसतो, ती पहिल्या वाक्यापासून कान देऊन ऐकतात. टाइमटेबलसाहेबांनी यावरून असा निष्कर्ष काढला की मग सगळ्याच तुकड्या फिरत्या कराव्यात. ती सूचना आपल्यापर्यंत आली असल्यास कृपया बाजूला ठेवावी.

६. आता ज्या गोष्टीसाठी अर्जदाराचा जीव टांगणीला लागला आहे, ती सांगणे भाग आहे. या तुकडीत एक विद्यार्थिनी आहे. सगळा वर्ग तिला ताई म्हणतो आणि हजेरी घेताना एखाद्या दिवशी अर्जदाराच्या तोंडूनही तेच निघून जाते. ती इतरांपेक्षा बरीच मोठी आहे. दहावी झाली आणि तिची आई अंथरुणाला खिळली. मग आईचे औषधपाणी, धाकट्या भावंडांचे डबे, घरचा सगळा रगाडा तिच्या अंगावर पडला. आई गेली, भावंडे हाताशी आली, आणि तेव्हा तिने हट्टाने पुन्हा नाव घातले. वडील शिंपी आहेत. विद्यालयाचे फाटक त्यांच्या दुकानातून दिसते, एवढ्या एका गोष्टीवर त्यांनी होकार दिला. शिवणयंत्रावरून मान वर केली की मुलगी आत जाताना आणि बाहेर येताना दिसते.

दार वाजल्यावर रांगेत सर्वांत पुढे ताई असते. कोणती खोली मोकळी असेल हे तिला अर्जदाराच्या आधी सुचते. ती पुढे चालते आणि मागे सगळी तुकडी, लहान भावंडांना घेऊन निघाल्यासारखी. तिला कोणी हे काम दिलेले नाही. तिला दुसरे काही येतच नसावे, इतक्या सहजपणे ती ते करते.

आदेश आल्यावर अर्जदार तिच्या वडिलांना भेटायला गेला. गळ्यात मापाची टेप, समोर कोणाची तरी अर्धी कापलेली बाही. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर, इतक्या लांब मी तिला नाही पाठवणार. मला वाईट म्हणा. पण मी बोलतोय ते वेगळंच आहे. आता जर का पुन्हा खंड पडला ना, तर ती परत बसायची नाही. एकदा बसली, तिचं तिलाच नवल वाटलं होतं." इतर मुले दुसऱ्या टोकाला जातील, कुरकुर करतील आणि रुळतील. ताईचे शिक्षण मात्र महिनाअखेर संपेल. वडिलांचे म्हणणे चूक आहे असे अर्जदाराला म्हणता आले नाही, आणि ते गेले कित्येक दिवस त्याला स्वस्थ बसू देत नाही.

७. आता तपासणीविषयी. तपासनीस साहेब त्या आठवड्यात कोणत्याही वेळी, आगाऊ न कळवता येतील, असे पत्र आले होते. अर्जदाराने जय्यत तयारी केली. मुलांचे गणवेश तपासले, पोरांना केस कापायला लावले, वाचनालयातून नकाशा मागून आणला आणि तो कुठल्याही खोलीत लगेच टांगता यावा म्हणून त्याला दोरी बांधली. तुकडीला बजावले, की पाहुणे आले की उत्तरे खणखणीत द्यायची. त्या आठवड्यात 'फ'ला नेहमीपेक्षा जास्त वेळा उठावे लागले. दार वाजले, निघालो. पुन्हा वाजले, पुन्हा निघालो. नशीबच फुटके म्हणून अर्जदार चरफडला. तपासनीस साहेब काही 'फ'कडे फिरकले नाहीत. राहून गेले असेल, इतरांनी सांगितले असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली.

अहवाल आला तेव्हा उलगडा झाला. तपासनीस साहेब येऊन गेले होते. एकदा नाही, अनेकदा. ते अत्यंत सभ्य गृहस्थ आहेत. दार ढकलून आत घुसणारे नाहीत. प्रत्येक खोलीशी थांबून त्यांनी हलकेच दार वाजवले, आतून 'या' म्हणण्याची वाट पाहिली, आणि कोणी 'या' म्हणेना तेव्हा दार उघडले. समोर रिकामी खोली. बाक सरळ, फळा स्वच्छ. त्यांनी लिहिले : "खोली वापरात नाही. स्वच्छता उत्तम." तिथून ते पुढच्या खोलीकडे गेले. 'फ'ही मागच्या दाराने निघून पुढच्याच मोकळ्या खोलीत गेली होती. त्यांनी तिथेही दार वाजवले.

महोदय, अर्जदार तेव्हा डस्टर हातात घेऊन गॅलरीत उभा होता. तपासनीस साहेब आणि तो यांच्यामध्ये फक्त एक खोली होती. त्याने मागे वळून पाहिले नाही, कारण तसा नियम होता आणि तो त्यानेच केला होता.

८. यात कोणाला दोष द्यावा हे कळत नाही. मुख्याध्यापक लेखी द्यायला तयार आहेत की तुकडी आहे. ते आपल्या कार्यालयास चालत नाही. तुकडी खोलीत बसलेली प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसली पाहिजे, असा नियम आहे, आणि नियम म्हणून तो योग्यच आहे. म्हणून अर्जदाराने ठरवले की साहेबांना तुकडी दिसत नसेल तर तुकडी साहेबांपुढे नेऊन उभी करावी. मागच्या महिन्यात तो सबंध तुकडी घेऊन आपल्या कार्यालयात आला होता. आपल्या लिपिकांनी मुलांना सभागृहात बसवले आणि अर्जदाराला तळमजल्यावर आवक शिक्का घ्यायला धाडले.

पुढे काय झाले ते आपणास स्मरत असेल. आपण काम बाजूला ठेवून मुलांना भेटायला उठलात. सभागृहात कोणी बसले आहे म्हणून आपण दारावर टकटक केलीत. सभागृह आपलेच, तरीही केलीत. इतकी अदब अर्जदाराने सरकारी कचेरीत आधी पाहिली नव्हती. दुर्दैवाने आपल्या सभागृहालाही मागचे दार आहे.

अर्जदार शिक्का घेऊन वर आला तेव्हा लिपिक म्हणाले, "साहेब येऊन गेले की. आत तर कुणीच नव्हतं. पण काय हो, खुर्च्या कोणी लावल्या इतक्या नीट?" अर्जदार तसाच खाली धावला. तुकडी त्याला आवारात, सायकली लावतात तिथे सापडली. ताई सावलीत सगळ्यांना उभे करून माणसे मोजत होती. अर्जदार काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "सर, चुकलंच. दार वाजलं आणि पाय निघाले." तिला रागावण्याचे अर्जदाराला अगदी जिवावर आले. त्याने सगळ्यांना उसाचा रस पाजून परत नेले.

९. तेव्हापासून मुलांना उठू नका हे शिकवण्याचा प्रयत्न चालू आहे. अर्जदार स्वतः बाहेर जाऊन दार वाजवतो आणि मुलांनी बसून राहायचे असते. बसतात बिचारी. पण बाकाला धरून बसतात. कोणाचा पाय हलत असतो, कोणी नकळत पेनाला टोपण लावतो, मागच्या बाकावरचा फळ्याकडे आशेने बघत राहतो. दार वाजल्यावर चेहरा कसा ठेवायचा हे त्यांना कळत नाही. तरी अलीकडे बरे जमू लागले होते.

मग परवा अवकाळी पाऊस आला. मैदानावरचा वर्ग पळत परत आला आणि त्याने आपल्या खोलीचे दार वाजवले. अर्जदाराच्या आज्ञेप्रमाणे 'फ' हलली नाही. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून आतून कडी घातलेली होती. बाहेर पोरे भिजलेली, व्हरांड्यात वाऱ्याने पाऊस आत येतो आहे, त्यांचे शिक्षक कडी खडखडवताहेत, आणि आत 'फ' बाकांना धरून बसलेली, सगळ्यांच्या नजरा अर्जदारावर. त्याने मान हलवून बसून राहा अशी खूण केली. शेवटी ताई उठली. कोणाची परवानगी न घेता उठली, फळा पुसला, आणि पुढचे दार उघडून बाहेरच्यांना म्हणाली, "या ना, आत या, भिजू नका." त्याबरोबर सगळी तुकडी उठली. ज्याच्या अंगात दुसऱ्याला जागा देणे इतके मुरले आहे, त्याला ते विसरायला लावणे हे शिक्षकाचे काम आहे का, हा प्रश्न त्याला तेव्हापासून छळतो आहे.

शिवाय अर्जदार स्वतः कोणत्या तोंडाने शिकवणार? घरी जेवताना शेजाऱ्यांनी दार वाजवले तर तो ताट हातात घेऊन उभा राहतो. एकदा तर ताटासह मागच्या अंगणात जाऊन पोहोचला होता. पत्नीने खात्री करण्यासाठी पोळपाटावर लाटणे दोनदा आपटून पाहिले. तो उठला. "अहो, घर आपलंच आहे," असे ती म्हणाली आणि बराच वेळ हसली. नंतर हसायची थांबली. आता ती जेवायच्या वेळी बाहेर पाटी लावते, की बेल वाजवावी, दार वाजवू नये.

१०. वरील पाटीवरून आपल्या मनात येईल की विद्यालयातही पाटी का लावू नये. अर्जदाराने विचारले होते. खोल्या दुसऱ्या वर्गांच्या आहेत, त्यांच्या दारावर 'फ'ला काही चिकटवता येत नाही, असे टाइमटेबलसाहेबांनी कळवले. पुढचे दार उघडे टाकून शिकवून पाहिले. मग व्हरांड्यातून कोणीही गेले की सगळ्या माना तिकडे वळतात आणि अर्धा वर्ग दप्तर आवरू लागतो. मागच्या दाराला बाहेरून कडी घालावी, असेही एकाने सुचवले. ते अर्जदाराने केले नाही. मुलांना कोंडून त्यांचे अस्तित्व सिद्ध करायचे असेल तर इतिहास शिकवण्यात काही अर्थ नाही.

११. म्हणून अर्जदार आता खोली मागत नाही. खोलीबाबतचे त्याचे अर्ज आपल्या कार्यालयात आहेतच, त्यांना वाटाण्याच्या अक्षता लागल्या तरी चालतील. छत कधी होईल हेही विचारत नाही. टाइमटेबलसाहेबांवर त्याचा राग नाही, थोडा आहे, पण तो या अर्जाचा विषय नाही. पुढच्या आठवड्यात आपण याल, तेव्हा 'फ' कोणत्या खोलीत आहे ते शिपाई आपणास दाखवील, त्याला तसे सांगून ठेवले आहे. आपण दारापाशी उभे राहाल. आपण सज्जन आहात, त्यामुळे आपला हात सवयीने वर जाईल. तो तेवढा आवरावा, हीच विषयात नमूद केलेली खबरदारी होय.

यात आपल्याला अवघडल्यासारखे होईल याची अर्जदाराला कल्पना आहे. दार न वाजवता भरलेल्या वर्गात शिरणे आपल्या स्वभावात बसत नाही. तरीही आग्रह धरण्याचे कारण एकच, आणि ते सांगून अर्जदार हा अर्ज संपवतो.

काल शेवटच्या तासानंतर ताई थांबली. आदेशाविषयी ती काही बोलली नाही. ते तिला माहीत आहे, तिच्या वडिलांनी सांगितले आहे. तिने विचारले, "सर, परीक्षेच्या हॉलमध्ये कुणी दार वाजवलं तर उठायचं का?" अर्जदाराला आधी वाटले, थट्टा करते आहे. ती थट्टा करत नव्हती. त्याने सांगितले की नाही, तिथे बाकावर तुझा क्रमांक लिहिलेला असतो, पेपर संपेपर्यंत ती जागा तुझी, मग दार वाजो नाही तर काहीही होवो. ती म्हणाली, "माझी एकटीची?" तो म्हणाला, हो, तुझी एकटीची. मग ती मान खाली घालून घरी गेली. फाटकापर्यंत ती गेली आणि पलीकडे दुकानात तिच्या वडिलांनी मान वर केली, हे अर्जदाराने गॅलरीतून पाहिले.

ती जागा तिला मिळेल असे अर्जदाराने तिला सांगून ठेवले आहे. ते खरे करणे त्याच्या हातात नाही, आपल्या हातात आहे. तेव्हा महोदय, कृपा करून दार वाजवू नये. ढकलावे आणि सरळ आत यावे. आपणास पाहून मुले आदराने उभी राहतील. उभी राहिली की त्यांचे पाय मागच्या दाराकडे वळू लागतील. अशा वेळी आपण त्यांना फक्त 'बसा' म्हणावे. दुसऱ्याच्या खोलीत त्यांना हे आजवर कोणी म्हटलेले नाही. आपण म्हटलेत तर ती बसतील, आणि मग आपण त्यांना सावकाश मोजावे.

कळावे, लोभ नसला तरी लक्ष असावे.

आपला नम्र,
(सही)
वर्गशिक्षक, बारावी 'फ'

दिनांक : १७ नोव्हेंबर
स्थळ : आरंभी ड्रॉइंगची खोली, नंतर वाचनालयाचा कोपरा, शेवट जिन्यावर.

सोबत :
१) तुकडीच्या हजेरीपटाची प्रत.
२) सर्व मुलांच्या सह्यांचे निवेदन. (मधल्या काही सह्या अर्धवट आहेत. तेवढ्यात दार वाजले होते.)
३) मुख्याध्यापकांचे पत्र.
४) तुकडीचे डस्टर, झिजलेले, पुरावा म्हणून. पाहून झाल्यावर परत मिळावे. दुसरे नाही.